रिकाम्या खाचेतला शेजारी

१

पंपघरांना नावं होती आणि यंत्रांना आकडे होते, सगळी भानगड तिथून सुरू झाली.

शहराच्या पाणीपुरवठ्याच्या कचेरीत ती कामाला होती. टेकडीवरची टाकी, नदीकाठचं पंपघर, कापडबाजारामागची विहीर, अशा प्रत्येक जागी एकेक राउटर बसवलेला होता आणि हे सगळे राउटर तारांनी एकमेकांना जोडलेले होते. कुठल्या टाकीत पाणी किती, कुठला पंप रुसलाय, ही बातमी एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला सांगत ती कचेरीत येऊन पोचायची. तारेने थेट जोडलेले दोन राउटर म्हणजे शेजारी. शेजाऱ्यांनी थोड्या थोड्या वेळाने एकमेकांना हाक द्यायची : मी आहे. हाक आली नाही, पुन्हाही आली नाही, की शेजारी गेला असं धरायचं. हाक परत आली की शेजारी आला. मग दोघांनी आपल्याला ठाऊक असलेलं सगळं पहिल्यापासून एकमेकांना सांगायचं. एवढाच त्यांचा संसार. माणसांच्या संसारापेक्षा बरा, असं तिला लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात एकदोनदा वाटून गेलं होतं.

काम साधं होतं. पडद्यावर आकड्यांऐवजी नावं दिसावीत म्हणून प्रत्येक आकड्यापुढे नाव लिहायचं, आणि कुठला शेजारी कधी गेला, कधी आला, याची नोंद आपोआप व्हावी अशी सोय करायची.

"सूनबाई, आकडे पाठ असलेला माणूस आता फक्त मीच उरलोय," मामा म्हणाले. मामा म्हणजे तिचे वरिष्ठ. कुणाचेच सख्खे मामा नव्हते, पण सगळ्या कचेरीचे होते. "मी गेलो की तुम्ही लोक नळाला तोंड लावून बसाल. नावं घाल पटापट."

तिने घातली. एक आकडा मात्र उरला. तो कुठल्याच नकाशात नव्हता. हाका मात्र अगदी वेळच्या वेळी देत होता.

"कुणीतरी चाचणीला लावला असेल आणि विसरला असेल," मामा म्हणाले. "दे घरातलं एखादं नाव."

ही तिथली रीत होती. बेवारशी आकडा सापडला की घरातल्या कुणाचं तरी नाव द्यायचं आणि पुढे खरा ठावठिकाणा कळला की बदलायचं. मामांनी एकाला आपल्या सासूबाईंचं नाव दिलं होतं, "कारण तो जन्मात कधी बंद पडला नाही." पलीकडच्या टेबलावरच्या मुलाने आपल्या मांजरीचं दिलं होतं. त्या मुलाला सगळे रेडिओ म्हणत, कारण त्याला बंद करायचं बटण नव्हतं.

तिने इकडेतिकडे बघितलं आणि हळूच लिहिलं : कासव.

हे नाव तिच्या नवऱ्याचं होतं आणि ते फक्त तिला ठाऊक होतं. तो बुटाची नाडी बांधेपर्यंत लिफ्ट खाली जाऊन परत वर यायची. चष्म्याच्या दुकानात तो काचा घासून द्यायचा. तिथे हा सावकाशपणा गुण समजला जाई. घरी सासूबाई त्याला वेगळं नाव देत.

२

संध्याकाळी तो तिच्या आधी घरी पोचायचा आणि तिघांचा चहा टाकायचा. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी त्याने विचारलं होतं, "तुला दूध किती?" आणि ती म्हणाली होती, "दूध नाहीच." तेव्हापासून तिचा काळा कप न विचारता वेगळा यायचा. तिला त्याचं अप्रूप होतं. दागिने काय, कुणीही घालतं अंगावर. न सांगता काळा चहा आणणारा माणूस मिळायला नशीब लागतं.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारातून त्याने डोकं बाहेर काढलं.

"अगं, दूध किती घालू?"

"कुणाला?"

"तुला."

ती हसली. "अरे, झोपेत आहेस का?"

तो हसला नाही. खरंच उत्तर हवं असलेल्या माणसासारखा चमचा हातात धरून उभा राहिला.

"नाही घेत मी दूध," ती म्हणाली.

"बरं," तो म्हणाला आणि आत गेला. नवीन काहीतरी कळल्यासारखा.

"लग्न झालं की पुरुषांची बुद्धी जाते," सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या. "ह्याच्याकडे मुळातच शिल्लक कमी होती."

रात्री त्याने विचारलं, ती खिडकीकडे झोपते की भिंतीकडे. तिने सांगितलं. विसरतात माणसं, तिने स्वतःची समजूत काढली. आपण काय इतिहासातली लढाई आहोत, सन लक्षात ठेवायला?

दुसऱ्या दिवशी कचेरीत तिने सवयीने नोंदी चाळल्या. नदीकाठ शांत होता, टेकडी शांत होती. मामांच्या सासूबाई भक्कम होत्या. खाली दोन ओळी होत्या.

कासव : गेला.
कासव : आला.

वेळ आदल्या संध्याकाळची. चहाची.

३

आठवड्याभरात तसं पुन्हा पुन्हा झालं. ज्या संध्याकाळी तो तिच्या ताईचं गाव विसरायचा, दाराची कडी कशी वर उचलून मग ओढायची हे त्याच्या आईला विचारायचा, त्या संध्याकाळी नोंदीत त्या दोन ओळी असायच्याच. आला की तो पहिल्यापासून सगळं विचारून घ्यायचा, आणि एखादा दिवस सगळं छान चालायचं. तिचं मन एकीकडे हिशेब जुळवायचं आणि दुसरीकडे स्वतःलाच वेड्यात काढायचं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली तर योगायोग. फांदी रोजच तुटायला लागली तर कावळ्याकडे निदान वळून तरी बघावं.

तिने नाव काढून टाकलं. नुसता आकडा राहिला, तो गेला आणि आला, आणि घरी त्याने विचारलं, तिला कुत्र्यांची भीती वाटते का. तिने आकड्याला कोपऱ्यातल्या पाण्याच्या यंत्राचं नाव दिलं. काही फरक पडला नाही. यंत्र थंड पाणी देत राहिलं, नवरा विसरत राहिला.

"मामा, नाव दिल्याने काही होतं का हो?"

"कुणाला?"

"त्याला. ज्याला नाव दिलं त्याला."

मामांनी चष्म्यावरून बघितलं. "नाव आपण आपल्या सोयीसाठी देतो गं. त्याला बिचाऱ्याला ते कळतही नाही."

"आणि नोंदी बंद केल्या तर?"

"तर तो जायचा थांबेल होय? तो जाईल. फक्त तुला कळणार नाही."

तिने कासव हे नाव परत लिहिलं. निदान ओळखीचं वाटावं म्हणून.

मग ती रेडिओला घेऊन यंत्रांच्या खोलीत गेली. हाका कुठल्या खाचेतून येतात हे पडद्यावर दिसतच होतं. त्या खाचेत खुपसलेली तार धरून चालत गेलं की पलीकडचा डबा कुठेतरी सापडणारच. थंडगार खोली, पंख्यांची एकसुरी घरघर, पानांसारखे लवलवणारे हिरवे दिवे. रेडिओ वाटेत स्वतःच्या मेव्हण्याची गोष्ट सांगत होता. कपाटाचं दार उघडल्यावर तो गप्प झाला. ती खोली बांधल्यापासून तो तिथे पहिल्यांदाच गप्प झाला असेल.

खाच रिकामी होती. तारच नव्हती. आत धूळ होती, आणि कडेचा दिवा शांतपणे लुकलुकत होता.

"दिवा बिघडलाय," रेडिओ म्हणाला.

"हो ना."

"दिवाच बिघडलाय," तो पुन्हा म्हणाला, आणि मेव्हण्याची गोष्ट पुरी न करताच बाहेर गेला.

४

रविवारची दुपार होती. सासूबाई आतल्या खोलीत आडव्या झाल्या होत्या. ती कपडे घड्या करत होती. उन्हाचा पट्टा फरशीवरून सरकत भिंतीला लागला होता. घर इतकं नेहमीचं होतं की तिला बरं वाटत होतं.

स्वयंपाकघरामागे एक चिंचोळी जागा होती. तिथे विजेचा मीटर, केरसुणी आणि एक बादली. तिकडून बोलण्याचा आवाज येत होता. फोनवर असेल, तिने धरलं. पण फोन तर तिच्यासमोर टेबलावर होता.

ती अनवाणीच गेली.

तो भिंतीकडे तोंड करून उभा होता. हात दोन्ही बाजूंना सोडलेले. भिंतीपासून जेमतेम वीतभर अंतरावर. आवाज त्याचाच, पण चढउतार नसलेला, रांगेत उभं राहून पत्ता सांगावा तसा.

"आईचा डावा गुडघा दुखतो."

थांबला. समोरून कुणी 'बरं' म्हणावं, एवढा वेळ थांबला.

"दाराची कडी आधी वर उचलायची, मग ओढायची."

थांबला.

"ती चहात दूध घेत नाही."

थांबला.

"ती खिडकीकडे झोपते. झोपेत दात खाते."

हे तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. तिचा हात चौकटीवर होता, तो तिथून काढावा हेही सुचेना. भिंत साधी होती. पांढरी, एका ठिकाणी पोपडा आलेली. तिला वाटलं, मीटरची चकती फिरायची थांबलीय. मग वाटलं, आपल्याला तसं वाटतंय.

"ती आत्ता माझ्या मागे उभी आहे," तो म्हणाला.

ह्या वेळी तो बराच वेळ थांबला. समोरून कुणीतरी काहीतरी विचारत असावं, तेवढा. तो ऐकत होता. ऐकताना त्याची मान किंचित कलली, आणि मग त्याने होकारार्थी हलवली.

नंतर तो वळला. तिला बघून नेहमीसारखं हसला.

"अगं, तू इथे? केरसुणी शोधतोय केव्हाचा."

केरसुणी त्याच्या पायाशी होती.

५

"डॉक्टरला दाखवायचं का?" तिने सासूबाईंना विचारलं.

"काय सांगशील त्याला? भिंतीशी बोलतो?" सासूबाई कूस बदलत म्हणाल्या. "त्याचा मामा झाडांशी बोलायचा. पण नोकरीत कायम झाला." त्या विनोद करत होत्या, पण तिच्याकडे बघत नव्हत्या.

डॉक्टरला दाखवलंच. डॉक्टरांनी त्याला तारीख विचारली, वार विचारला, उलटे आकडे म्हणायला लावले. तो सावकाश पण बरोबर म्हणाला. डॉक्टर म्हणाले, झोप पुरेशी घ्या. त्या संध्याकाळी त्याने तिला विचारलं, तिचं माहेर कुठलं.

कचेरीत मोठे साहेब पाहणीला येणार होते. सारखा जाणारा-येणारा शेजारी पडद्यावर लाल दिसतो आणि लाल रंग मोठ्या साहेबांना सोसत नाही. मामा तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"हे कासव तुझं फार उड्या मारतंय. सूनबाई, एक लक्षात ठेव. मेलेला शेजारी परवडला, पण असा दिवसातून चारदा मरणारा नको. तो गेला-आला की सगळ्यांना पहिल्यापासून मांडामांड करावी लागते. त्यात सगळं जाळं थकतं."

"मग काय करायचं?"

"तोडून टाक."

"दुसरं काही?"

"दुसरं म्हणजे, त्याच्याकडून आत्तापर्यंत जे कळलंय ते हाताने लिहून कायम कर आणि खाच बंद कर. हाताने लिहिलेलं नवं काही शिकत नाही, पण विसरतही नाही. कटकट संपली."

विसरतही नाही. तिने ते शब्द मनात धरून ठेवले. ही आमच्या धंद्यातली शंभर वेळा वापरलेली युक्ती आहे, तिने स्वतःला सांगितलं, कुणाचं कधी वाईट झालेलं नाही. आणि दुसरा उपाय तोडण्याचा होता.

ती जिन्यात गेली आणि त्याला दुकानात फोन लावला.

"माझ्याबद्दल तुला काय काय ठाऊक आहे, सांग."

"गिऱ्हाईक उभं आहे गं."

"राहू दे उभं. सांग."

तो सांगत गेला, सावकाश, लाजत. काळा चहा, खिडकी, ताईचं गाव, कुत्र्यांची भीती, पाठीवरची लांब वेणी उशीखाली अडकते ते. काही राहिलं नव्हतं. पलीकडून गिऱ्हाइकाचं खोकणं ऐकू येत होतं.

"एवढं पुरे का?" त्याने विचारलं.

"पुरे," ती म्हणाली. वर गेली, त्याच्या आकड्याची ओळ हाताने लिहिली, कायम केली, खाच बंद केली. मागून मामा म्हणाले, "शाब्बास." लाल गेलं. पडदा हिरवागार झाला.

६

त्या संध्याकाळी काळा कप न विचारता आला. दुसऱ्या दिवशीही आला. तिसऱ्या दिवशी तिने बाथरूममध्ये नळ सोडून, आवाज जाऊ न देता, पोटभर रडून घेतलं. भिंतीसमोर तो पुन्हा उभा राहिला नाही. नोंदींत कासव पुन्हा उमटलं नाही. सासूबाईंनी खुर्चीतून टोमणे मारायला सुरुवात केली, म्हणजे घर ताळ्यावर आलं.

मग ताईला मुलगी झाली.

"अरे वा! मावशी झालीस की!" तो उठून उभाच राहिला. तिचे दोन्ही हात धरले. "नाक कुणासारखं आहे? ताईसारखं नसू दे म्हणजे झालं."

दुसऱ्या संध्याकाळी ती म्हणाली, "ताईच्या मुलीचा फोटो आला बघ."

"ताईला मुलगी झाली?" तो उठून उभा राहिला. "अरे वा! मावशी झालीस की!" त्याने तिचे दोन्ही हात धरले. "नाक कुणासारखं आहे? ताईसारखं नसू दे म्हणजे झालं."

आनंद तोच होता, अगदी खरा, कणभरही कमी नाही. हातांची पकडसुद्धा तेवढीच घट्ट. तिने रोज सांगून बघितलं. तो रोज उठून उभा राहिला. शेवटी तिने सांगणं सोडलं, कारण त्या आनंदाची तिला भीती वाटायला लागली.

सासूबाईंना नवा चष्मा लागला होता. त्याच्याच दुकानातला. काचा त्यानेच घासल्या होत्या.

"आई, चष्मा कधी घेतलास?" तो रोज विचारायचा.

पहिल्यांदा त्या चिडल्या, मग हसल्या. त्यानंतर तो यायची वेळ झाली की त्या चष्मा काढून उशीखाली ठेवायच्या आणि भिंतीला हात लावत लावत स्वयंपाकघरात जायच्या. नवीन पडदे आणले होते, ते गाठोड्यात परत गेले. खुर्ची हलवली होती, ती जागेवर आली. रोज संध्याकाळी दोघी मिळून घराला, ती ओळ कायम केली त्या दुपारपर्यंत मागे ढकलत न्यायच्या.

७

लिहिलेली ओळ पुसता येत होती. एका बटणाचं काम. ती कितीतरी वेळा त्या ओळीवर येऊन थांबली.

"मामा, शेजारी नसताना हाताने लिहिलेलं पुसलं, तर मागे काय राहतं?"

"काय राहणार? काहीच नाही."

मग तिने पुसण्याआधी खाच उघडली. शेजारी परत येऊ दे, हाक देऊ दे, मग ओळ काढू, असं ठरवलं. ती पडद्यासमोर बसून राहिली. हाक आली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्या महिन्यातही नाही. यंत्रांच्या खोलीत जाऊन तिने रिकाम्या खाचेजवळ तोंड नेलं आणि कुणी ऐकत नाही असं बघून म्हणाली, "मी आहे." कडेचा दिवा विझलेलाच राहिला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी ती ओळ होती. आणि ती धरून बसली.

शब्द त्याच्यापर्यंत पोचत नाहीत, हे तिला कळून चुकलं होतं. पण डोळ्यांना दिसेल असं काही? एवढं मोठं की चुकवताच येणार नाही? निदान एक नवी गोष्ट तरी त्याच्या आत जाऊ दे, मग तिच्यामागून बाकीच्याही जातील. ह्या आशेवर ती एका दुपारी कचेरीतून लवकर निघाली आणि केस कापून आली. मानेपर्यंत. कापणाऱ्या बाईने दोनदा विचारलं, नक्की ना? वेणी तिने कागदात गुंडाळून घेतली नाही. तिथेच ठेवली.

जिन्यात मान हलकी आणि उघडी वाटत होती. उजेड होता अजून. वरच्या मजल्यावर कुणीतरी खिळा ठोकत होतं. तिने किल्ली काढली नाही, घंटी वाजवली. त्याने दार उघडावं आणि बघावं, असं तिला हवं होतं.

कडी वर उचलल्याचा आवाज आला, मग ओढल्याचा.

त्याने बघितलं. केसांकडे नाही. सरळ चेहऱ्याकडे, दारावरची पाटी वाचावी तसं. तो हसला. चांगला हसला, सभ्यपणे. दुकानात हसायचा तसा.

"या ना," तो म्हणाला. "तुम्ही हिच्या ऑफिसातल्या का?"

तिच्या तोंडात त्याचं नाव आलं होतं. त्याच्या खांद्यावरून तिला सासूबाई दिसल्या. चष्म्याविना, चौकट घट्ट धरून, डोळे बारीक करून त्या दारातल्या आकाराकडे बघत होत्या, आणि मान हलवत होत्या. नको. नको म्हणून.

"हो," ती म्हणाली.

"बसा. आई, हिच्या ऑफिसातल्या आल्यात गं." त्याने तिच्यासाठी खुर्ची पुढे ओढली. "ती नाही आली तुमच्याबरोबर?"

"मागून येतेय."

"हो का?"

तो गॅलरीत गेला. कठड्याला पोट टेकवून, टाचा उचलून त्याने खाली रस्त्याकडे बघितलं. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. ती त्याच्या पाठीमागे खुर्चीत बसली होती, पर्स मांडीवर धरून, पाहुण्यासारखी. स्वयंपाकघरात सासूबाईंच्या हातून काहीतरी पडलं आणि घरंगळत गेलं.

"आज उशीर झाला तिला," तो रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला.

"हो," ती म्हणाली. "होईल थोडा."